रवी शास्त्री, खेळाडू आणि प्रशिक्षक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शास्त्रीबद्दल विचारणारे वाचक दोन पिढ्यांचे आहेत. पन्नाशी ओलांडलेल्यांना त्याला बक्षीस मिळालेल्या ऑडी गाडीबद्दल (प्रश्न ८) बोलायचं असतं, नाहीतर इडन गार्डन्सवरच्या संथ खेळीच्या कंटाळ्याबद्दल (प्रश्न ७). विशीतल्यांनी त्याला खेळताना पाहिलेलंच नाही. त्यांच्यासाठी तो म्हणजे एक आवाज आणि कोहलीशेजारी गॉगल लावून बसलेला माणूस. एकाच प्रश्नाची तीन-तीन रूपं येत राहतात, म्हणून ती इथे एकत्र केली आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलंय, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. शास्त्री मुळात फलंदाज होता की गोलंदाज?

आला गोलंदाज म्हणून, गेला सलामीचा फलंदाज म्हणून. गोलंदाजी डावखुरी फिरकी, फलंदाजी उजव्या हाताने. ८० कसोटींत ३८३० धावा, सरासरी ३५.७९, शतकं ११ आणि सर्वोच्च २०६. बळी १५१, पण प्रत्येकी जवळपास ४१ धावा देऊन. १५० एकदिवसीय सामन्यांत ३१०८ धावा आणि १२९ बळी. नुसते आकडे पाहिले तर कपिल देवच्या शेजारी तो फिका वाटतो, आणि त्याच काळात खेळायचं असल्यामुळे ती तुलना त्याच्या कायम मानगुटीवर बसली. मात्र अकरा शतकांपैकी सात परदेशात आहेत: कराची, अँटिग्वा, फैसलाबाद, ब्रिजटाऊन, लॉर्ड्स, ओव्हल, सिडनी. त्या काळच्या भारतीय फलंदाजासाठी ही यादी साधी नाही.

२. तो मुंबईचाच ना? क्रिकेट कुठे शिकला?

जन्म मुंबईचा, २७ मे १९६२. घराणं मूळचं मंगळुरूकडचं. शाळा माटुंग्याची डॉन बॉस्को, कॉलेज माटुंग्याचंच पोदार. शालेय क्रिकेटमध्ये डॉन बॉस्कोचा तेव्हा फारसा दबदबा नव्हता. १९७६ मध्ये संघ जाइल्स शिल्डच्या अंतिम फेरीत हरला आणि पुढच्या वर्षी शास्त्रीच्या नेतृत्वाखाली त्याने ती ढाल पहिल्यांदाच जिंकली. बाहेरगावच्या वाचकांसाठी: मुंबईत जाइल्स आणि हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धांना जे वजन आहे, ते पुष्कळ ठिकाणी राज्यस्तरीय स्पर्धांनाही नसतं. तिथे नाव झालेला मुलगा निवड समितीच्या नजरेत भरतोच. १७ व्या वर्षी, पोदारमध्ये असतानाच, तो मुंबईकडून रणजी खेळला.

३. पहिल्या कसोटीला तो आदल्या रात्री पोहोचला, ही गोष्ट खरी की रंगवलेली?

खरी. फेब्रुवारी १९८१ मध्ये भारतीय संघ न्यूझीलंडमध्ये होता आणि दिलीप दोशीला दुखापत झाली. बदली डावखुरा फिरकीपटू हवा होता, म्हणून भारतात रणजी खेळत असलेल्या पोराला बोलावणं गेलं. कसोटीच्या आदल्या रात्री तो वेलिंग्टनला उतरला आणि २१ फेब्रुवारीला मैदानात होता. वय १८ वर्षं, ९ महिने. पहिलंच षटक जेरेमी कोनीला, आणि तेही निर्धाव.

दुसऱ्या डावात न्यूझीलंड शंभरात आटोपलं. शेवटचे तीन बळी शास्त्रीने चार चेंडूंत काढले, तिन्ही झेल दिलीप वेंगसरकरचे. भारत सामना ६२ धावांनी हरला खरा, पण तीन कसोटींच्या मालिकेत सर्वाधिक बळी याच पोराचे, १५. ऑकलंडच्या तिसऱ्या कसोटीत तर तो सामनावीर ठरला. त्या दौऱ्यावरचा त्याचा फलंदाजीतला क्रमांक लक्षात ठेवा, पुढच्या प्रश्नात लागेल: दहावा.

४. दहाव्या क्रमांकाचा माणूस सलामीला कसा पोहोचला?

जागा रिकामी दिसली की हात वर करायचा, या एकाच रीतीने. सलामीला गावसकरच्या जोडीला कोण, हा भारतापुढचा जुना प्रश्न होता. १९८२ मध्ये ओव्हलवर शास्त्रीला पुढे पाठवलं आणि त्याने ६६ केल्या. पुढच्या जानेवारीत पाकिस्तानात भारताची धूळधाण चालली होती. इमरान खानने त्या मालिकेत ४० बळी घेतले. सहाव्या आणि शेवटच्या कसोटीत, कराचीत, शास्त्रीला सलामीला धाडलं. वीस वर्षांच्या शास्त्रीने १२८ काढल्या, आणि ते त्याचं पहिलं कसोटी शतक.

हे तंत्राच्या जोरावर झालं असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. त्याच्याकडे मोजून चार फटके होते. पायावरचा चेंडू मनगटाने लेगला ढकलायचा, ज्याला 'चपाती शॉट' हे नाव पडलं. फिरकीला पुढे सरसावून सरळ उचलायचं. बाकी पॅड आणि बॅट जवळजवळ ठेवून उभं राहायचं. आपल्याला काय येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि ते तो करायलाच जात नसे. मुंबईच्या मैदानांवर याला 'खडूस' म्हणतात आणि तिथे ती शिवी नसते. १९८९ मध्ये ब्रिजटाऊनला वेस्ट इंडिजच्या मार्शल, अँब्रोस, वॉल्श आणि बिशप अशा चौघांसमोर त्याने १०७ केल्या. माझ्या मते सिडनीच्या द्विशतकापेक्षाही ही खेळी वरची.

५. १९८३ चा विश्वचषक अंतिम सामना तो खेळला का?

नाही. विजेत्या संघात होता, अंतिम अकरात नव्हता. उपांत्य आणि अंतिम सामन्यात कीर्ती आझाद खेळला. पण वेस्ट इंडिजविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, ओल्ड ट्रॅफर्डवर, शास्त्रीने २६ धावांत ३ बळी घेतले होते. गार्नर आणि रॉबर्ट्स ही शेवटची जोडी ७१ धावा जोडून सामना ओढून नेत होती, तेव्हा गार्नर पुढे आला, चुकला आणि यष्टिरक्षक किरमाणीने यष्ट्या उडवल्या. विश्वचषकात वेस्ट इंडिज हरलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि शेवटचा बळी शास्त्रीचा. ही गोष्ट अंतिम सामन्याच्या गडबडीत बहुतेक जण विसरतात.

६. एका षटकात सहा षटकार मारणारा पहिला भारतीय शास्त्री की युवराज?

शास्त्री. युवराज २००७ चा, आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीतला. शास्त्रीचे सहा षटकार १० जानेवारी १९८५ चे, वानखेडेवर, मुंबई विरुद्ध बडोदा या रणजी सामन्यातले. गोलंदाज तिलक राज, डावखुरा फिरकीपटू. प्रथम श्रेणीत याआधी हे फक्त गॅरी सोबर्सने केलं होतं, १९६८ मध्ये.

त्या डावात शास्त्रीने ११३ मिनिटांत नाबाद २०० केल्या: १२३ चेंडू, १३ चौकार, १३ षटकार. वेळेच्या हिशोबाने प्रथम श्रेणीतलं तेव्हाचं ते सर्वांत जलद द्विशतक आणि तो विक्रम तीस वर्षांहून जास्त टिकला. समोर गुलाम परकार होता. दोघांनी मिळून १८८ ची अभेद्य भागी केली, त्यात परकारच्या ३३. सामना अनिर्णित राहिला.

आता उपप्रश्न, जो दर आयपीएलला येतो: 'मग ऋतुराजचे सात?' नोव्हेंबर २०२२ मध्ये विजय हजारे करंडकात ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले, कारण एक चेंडू नोबॉल होता. तो लिस्ट ए, म्हणजे मर्यादित षटकांचा एकदिवसीय सामना. प्रथम श्रेणी, लिस्ट ए आणि आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी यांची खाती वेगळी आहेत, त्यामुळे तिघांचेही विक्रम आपापल्या जागी उभे आहेत.

७. मग इतका मारणाऱ्याला 'संथ' का म्हणायचे? प्रेक्षक 'हाय हाय' का ओरडायचे?

कारण तो खरंच संथ होता. तारखा बघा. ३१ डिसेंबर १९८४ ला इडन गार्डन्सवर इंग्लंडविरुद्धची कसोटी सुरू झाली. शास्त्रीने पहिल्या डावात १११ केल्या आणि दुसऱ्या डावात नाबाद ७. पावसाचा व्यत्यय, अंधूक उजेड आणि त्याची ती तपश्चर्या, यांमुळे तो कसोटीच्या पाचही दिवशी फलंदाजी करताना दिसला. असं करणारे कसोटीच्या इतिहासात मूठभरच आहेत. प्रेक्षक मात्र इतिहास बघायला आले नव्हते, त्यांचा संयम सुटला. ती कसोटी ५ जानेवारीला संपली. पाच दिवसांनी त्याच माणसाने प्रश्न ६ मधला डाव खेळला.

तो ठरवून संथ होता एवढंच यातून दिसतं. एकदिवसीय सामन्यांत हे ठरवणं अंगाशीही यायचं. १९९२ च्या विश्वचषकात त्याच्या डावांमुळे संघाची गती अडली, ही टीका तेव्हा झाली आणि ती मला रास्त वाटते.

८. ऑडीची गोष्ट सांगा. ती गाडी आता कुठे आहे?

फेब्रुवारी-मार्च १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात 'वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेट' झाली. कसोटी खेळणारे सगळे सात संघ त्यात होते. गावसकरच्या नेतृत्वाखाली भारत एकही सामना न हरता जिंकला. १० मार्चला मेलबर्नच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला ८ गडी राखून हरवलं: श्रीकांत ६७, शास्त्री नाबाद ६३. स्पर्धेत शास्त्रीच्या १८२ धावा आणि ८ बळी, शेवटच्या तीन सामन्यांत तीन अर्धशतकं. 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' म्हणून त्याला ऑडी १०० मिळाली.

त्यानंतरचं दृश्य त्या वयाच्या प्रत्येकाच्या डोळ्यांत आहे. शास्त्री चाकामागे, आणि अख्खा संघ गाडीच्या टपावर, बॉनेटवर, डिकीवर, जिथे बूड टेकेल तिथे. गाडी मैदानावर फेरी मारतेय. आपल्याकडे तेव्हा रस्त्यावर फियाट, अँबेसिडर आणि नव्याने आलेली मारुती ८००. ऑडी हे नावही कित्येकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. गाडी जहाजाने मुंबईला आली. पुढे कित्येक वर्षं पडून राहिली आणि २०२२ मध्ये तिची पुन्हा दुरुस्ती करून तिला मूळ रूप दिलं गेलं. ती शास्त्रीकडेच आहे.

९. चेन्नईच्या बरोबरीत सुटलेल्या कसोटीत त्याने ती एक धाव घ्यायला नको होती का?

हा प्रश्न १९८६ पासून चालू आहे, मीही लहानपणी यावरून भांडलोय. परिस्थिती अशी: ऑस्ट्रेलियाविरुद्ध लक्ष्य ३४८. शेवटचं षटक सुरू झालं तेव्हा चार धावा हव्या, एकच गडी शिल्लक. समोर ऑफस्पिनर ग्रेग मॅथ्यूज, स्ट्राइकवर शास्त्री. पहिला चेंडू कोरा. दुसऱ्यावर दोन. तिसऱ्यावर एक. धावसंख्या समसमान, ३४७, आणि आता मनिंदर सिंग समोर. चौथा चेंडू त्याने अडवला. पाचवा पॅडवर, पंच विक्रमराजूंचं बोट वर. कसोटी इतिहासातली दुसरी टाय.

शास्त्रीने ती धाव नाकारून स्वतः विजयी फटका मारायला हवा होता, असं म्हणणारे एक गोष्ट विसरतात. त्या धावेने पराभव संपला होता. तिसऱ्या चेंडूआधी भारत हरू शकत होता, नंतर हरणं अशक्य झालं. नाकारून तो पुढच्या चेंडूवर बाद झाला असता तर आज हाच प्रश्न उलट्या बाजूने आला असता. हिशोब बरोबर होता. मनिंदरची बॅट लागली होती की नाही, हा वाद वेगळा, तो या पानावर मिटणार नाही. शास्त्री दुसऱ्या टोकाला नाबाद ४८.

१०. एकच कसोटी कर्णधार आणि तीही जिंकली. मग पुन्हा कर्णधारपद का नाही?

जानेवारी १९८८, चेन्नई, समोर व्हिव रिचर्ड्सचा वेस्ट इंडिज संघ. कर्णधार वेंगसरकरच्या हाताला दुखापत झाल्यामुळे शास्त्रीकडे सूत्रं आली. पदार्पण करणाऱ्या नरेंद्र हिरवाणीने १६ बळी घेतले आणि भारत २५५ धावांनी जिंकला. वेंगसरकर बरा झाला, त्याला पद परत मिळालं. तो बदली कर्णधार होता, एवढं साधं कारण.

१९८९-९० मध्ये जागा पुन्हा रिकामी झाली तेव्हा आधी श्रीकांत, मग अझरुद्दीन आला. शास्त्रीची स्पष्ट बोलण्याची सवय आड आली असं त्याचे चाहते म्हणतात. फॉर्मही डळमळीत होता हे ते सांगत नाहीत. ११ एकदिवसीय सामन्यांत त्याने नेतृत्व केलं, त्यातले ४ जिंकले.

११. गोलंदाज म्हणून तो खरंच चांगला होता का?

सुरुवातीला हो. नंतर फलंदाजी वाढली तशी चेंडूला दिलेली उंची आणि वळण कमी झालं. कसोटीत डावात पाच बळी दोनदाच, सर्वोत्तम ७५ धावांत ५. एका बाजूने धावा रोखायच्या, एवढंच काम त्याला पुष्कळदा दिलेलं असायचं. एकदिवसीयमध्ये ते उपयोगी पडलं. सगळ्यांत गंमत म्हणजे त्याची उत्तम कामगिरी फिरकीच्या नव्हे तर वेगवान गोलंदाजांच्या खेळपट्टीवर झाली. डिसेंबर १९९१ मध्ये पर्थला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५ धावांत ५ बळी, सामना भारताने १०७ धावांनी जिंकला.

१२. शेन वॉर्नचा पहिला बळी शास्त्री हे खरं?

हो, पण दोनशे सहा धावा करून झाल्यावर. जानेवारी १९९२, सिडनी. ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर वॉर्न, त्याची पहिली कसोटी. शास्त्री नऊ तासांच्या वर खेळला आणि ऑस्ट्रेलियात द्विशतक करणारा पहिला भारतीय ठरला. दुसऱ्या बाजूला १८ वर्षांचा सचिन, नाबाद १४८. दोघांची भागी १९६. वॉर्नला डीन जोन्सच्या हाती झेल मिळाला तेव्हा त्याची पृथक्करणं बघवत नव्हती: शेवटी १५० धावांत १ बळी. दुसऱ्या डावात शास्त्रीने स्वतः ४ बळीही घेतले. ऑस्ट्रेलिया ८ बाद १७३ वर कसंबसं वाचलं.

१३. तिशीतच का थांबला?

गुडघा. सिडनीच्या त्या महिन्यापासूनच तो त्रास देत होता. शेवटची कसोटी डिसेंबर १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, पोर्ट एलिझाबेथला. तेव्हा वय ३०.

पण क्रिकेट तिथे संपलं नाही, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. १९९३-९४ च्या मोसमात त्याने मुंबईचं नेतृत्व केलं. मुंबईने नऊ वर्षांत रणजी करंडक पाहिला नव्हता, जे मुंबईत जवळपास सुतकासारखं धरलं जायचं. संघात पोरं होती. अमोल मुझुमदारने त्याच मोसमात पदार्पणात २६० केल्या. अंतिम सामन्यात वानखेडेवर बंगालला हरवून करंडक परत आणला आणि शास्त्री निवृत्त झाला. पुढे भारतीय संघाच्या खोलीत त्याने जे केलं त्याची पहिली तालीम इथे झाली, असं मी मानतो. (मधली काही वर्षं, १९८७ ते १९९१, तो इंग्लंडमध्ये ग्लॅमॉर्गन काउंटीकडूनही खेळला.)

१४. समालोचनात कधी आला?

१९९५ मध्ये. २००७ मध्ये डर्बनला युवराजचे सहा षटकार आणि २०११ च्या विश्वचषकात वानखेडेवर धोनीचा शेवटचा षटकार, या दोन्ही वेळी माइकवर तोच होता. सहा षटकार स्वतः मारलेला माणूस दुसऱ्याच्या सहा षटकारांचं समालोचन करतोय, हा योग पुन्हा जुळणं कठीण.

१५. क्रिकेट मॅनेजर, टीम डायरेक्टर, मुख्य प्रशिक्षक: तो यातला नेमका काय होता?

तिन्ही, वेगवेगळ्या वेळी. गोंधळ इथेच होतो, म्हणून क्रमाने.

२००७ च्या विश्वचषकात भारत साखळीतच बाद झाला, प्रशिक्षक ग्रेग चॅपेल पायउतार झाला, आणि बांगलादेश दौऱ्यासाठी शास्त्रीला क्रिकेट मॅनेजर नेमलं. तो एकाच दौऱ्यापुरता. कसोटी मालिका १-० आणि एकदिवसीय २-० जिंकून तो पुन्हा समालोचनाला गेला.

ऑगस्ट २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये कसोटी मालिका १-३ अशी गमावल्यावर तो टीम डायरेक्टर झाला. प्रशिक्षक तेव्हा डंकन फ्लेचरच होता, शास्त्री त्याच्या वर. सोबत सहायक प्रशिक्षक संजय बांगर, भरत अरुण आणि आर. श्रीधर. २०१५ च्या विश्वचषकानंतर फ्लेचर पायउतार झाला आणि प्रशिक्षकाची जागा रिकामीच ठेवली, त्यामुळे सारा कारभार शास्त्रीकडे. हे २०१६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकापर्यंत चाललं.

जुलै २०१७ ते नोव्हेंबर २०२१ हा मुख्य प्रशिक्षकपदाचा काळ. २०१५ चा श्रीलंकेतला २-१ विजय, तिथला २२ वर्षांनंतरचा पहिला, 'प्रशिक्षक शास्त्री'च्या नावावर सर्रास टाकला जातो. तेव्हा तो डायरेक्टर होता.

१६. २०१६ ला नाकारलं आणि २०१७ ला घेतलं, असं का?

२०१६ मध्ये सचिन, गांगुली आणि लक्ष्मण यांच्या समितीने अनिल कुंबळेला निवडलं. शास्त्रीची मुलाखत परदेशातून व्हिडिओवर झाली, गांगुली तिला हजर नव्हता, त्यावरून दोघांत जाहीर चकमक उडाली. वर्षभरात कोहली आणि कुंबळेचं बिनसलं आणि जून २०१७ मध्ये चॅम्पियन्स करंडकानंतर कुंबळेने राजीनामा दिला. त्याच समितीने मग शास्त्रीला निवडलं. कर्णधाराची पसंती निर्णायक ठरली, हे उघड आहे. २०१९ मध्ये कपिल देव, अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी यांच्या समितीने त्याला पुन्हा नेमलं.

१७. ऑस्ट्रेलियातल्या विजयांत प्रशिक्षकाचा वाटा किती? खेळले तर खेळाडू.

खेळले खेळाडूच. २०१८-१९ ला २-१ असा ऑस्ट्रेलियातला पहिलावहिला मालिकाविजय पुजाराच्या ५२१ धावा आणि बुमराहच्या गोलंदाजीवर उभा आहे. प्रशिक्षकाचा वाटा त्याच्या आधी शोधावा लागतो: परदेशात वीस बळी घ्यायचे तर वेगवान गोलंदाजांचा ताफा हवा, या हट्टात. बुमराहला कसोटीत थेट केपटाऊनला उतरवलं, जानेवारी २०१८ मध्ये. भरत अरुणलाच गोलंदाजी प्रशिक्षक म्हणून आणण्यासाठी शास्त्री अडून बसला होता, तेही याच हट्टापायी.

२०२०-२१ ची गोष्ट वेगळी. १९ डिसेंबर २०२० ला ॲडलेडमध्ये भारत ३६ धावांत गारद. कोहली पितृत्व रजेवर घरी परतणार, शमी जायबंदी. त्या वेळी शास्त्रीने पोरांना सांगितलं की हा ३६ चा आकडा बिल्ल्यासारखा बाहीवर लावा. ऐकायला नाटकी वाटतं. पण पुढच्या कसोटीसाठी संघाने फलंदाज वाढवला नाही, उलट कोहलीच्या जागी अष्टपैलू जडेजा आणून पाच गोलंदाज खेळवले. ३६ वर बाद झालेल्या संघाने हे करणं म्हणजे छाती लागते. रहाणेने मेलबर्नला ११२ केल्या, सामना जिंकला. सिडनी विहारी आणि अश्विनने वाचवली. १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर ३२८ चा पाठलाग, ऋषभ पंत नाबाद ८९. ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर १९८८ नंतर हरलं नव्हतं. पहिल्या डावात वॉशिंग्टन सुंदर आणि आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने केलेली १२३ ची भागी नसती तर हे काहीच झालं नसतं.

१८. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा (आयसीसी) करंडक एकही नाही. मग यशस्वी कसा?

एकही नाही, हे मान्यच करायला हवं. २०१५ आणि २०१९ विश्वचषक उपांत्य फेरीत पराभव, २०१६ टी-ट्वेंटी विश्वचषकही तिथेच, २०२१ ला साउदॅम्प्टनला कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना न्यूझीलंडकडून गमावला, आणि त्याच वर्षी यूएईत टी-ट्वेंटी विश्वचषकात साखळीत गाशा गुंडाळला. २०१९ ला चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाचा प्रश्न दोन वर्षं हाताशी असून सुटला नाही, हा दोष त्याच्या पदरात घालावाच लागेल. आशिया करंडक मात्र त्याच्या काळात दोनदा आला, २०१६ ला डायरेक्टर असताना आणि २०१८ ला प्रशिक्षक असताना.

२०१८ ला इंग्लंडमध्ये १-४ हरत असताना त्याने हा गेल्या पंधरा वर्षांतला परदेशात उत्तम खेळणारा संघ आहे असं म्हटलं आणि सगळ्यांनी त्याला सोलून काढलं. बोलण्याची वेळ चुकलीच. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियात प्रश्न १७ मधली मालिका जिंकली.

१९. रोहितला कसोटीत सलामीला आणण्याची कल्पना शास्त्रीची?

एकट्याची म्हणणं बरोबर नाही, निर्णय संघव्यवस्थापन आणि निवड समितीचा. पण मधल्या फळीत अडकलेल्या गुणी फलंदाजाला वर पाठवा, ही वाट स्वतः चालून आलेला माणूस त्या खोलीत एकच होता (प्रश्न ४). ऑक्टोबर २०१९ मध्ये विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध रोहितने सलामीला १७६ आणि १२७ केल्या.

२०. २०२१ ची इंग्लंड मालिका शास्त्रीने जिंकली की बरोबरीत सुटली?

नोंदीत २-२. भारत २-१ ने पुढे असताना, ओव्हलच्या चौथ्या कसोटीदरम्यान शास्त्रीला कोविड झाला. मग संघातल्या आणखी काहींना लागण झाली आणि १० सप्टेंबरला मँचेस्टरची पाचवी कसोटी सुरू होण्याआधीच रद्द झाली. ती जुलै २०२२ मध्ये एजबॅस्टनला झाली आणि इंग्लंडने जिंकली. तोवर प्रशिक्षक राहुल द्रविड होता आणि कर्णधारपदही कोहलीकडे नव्हतं. म्हणजे एकाच मालिकेला दोन प्रशिक्षक. शास्त्रीच्या खात्यात चार सामने धरायचे, मालिकेचा निकाल धरायचा नाही.

२१. पुरस्कार कोणते? आणि आता काय करतो?

१९८४ चा अर्जुन पुरस्कार, आणि जानेवारी २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाचा कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव, फारुख इंजिनीयरसोबत. प्रशिक्षक म्हणून त्याचा शेवटचा सामना ८ नोव्हेंबर २०२१ ला दुबईत नामिबियाविरुद्ध झाला. भारत आधीच स्पर्धेबाहेर होता, तरी तो सामना जिंकला. त्यानंतर तो पुन्हा समालोचनाकडे वळला.